जाकिटावरचे बार्नॅकल

आमच्या विभागात वस्तूला किंमत नसते, वस्तूला काय चिकटलंय त्याला असते. समुद्राने किनाऱ्यावर टाकलेली चप्पल असो, प्लास्टिकचा कॅन असो, फाटक्या जाळ्याचा तुकडा असो. विभागात आली की ती आधी टबात पडते, मग ट्रेमध्ये, मग तिच्यावरचं सगळं खरवडून बाटल्यांमध्ये जातं आणि चप्पल जाते कचऱ्यात. पहिल्या वर्षाला आलेलं एखादं भाबडं पोर विचारतं, "मॅडम, ही चप्पल कोणाची असेल हो?" मॅडम म्हणतात, "हा प्रश्न चपलांच्या दुकानात विचार." सगळे हसतात. दुसऱ्या वर्षापर्यंत असलं कोणी काही विचारत नाही. मीही विचारत नव्हते आणि त्याचा मला चक्क अभिमान होता.

मी सागरी जीवशास्त्राच्या एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझा विषय बार्नॅकल. जहाजाच्या तळाला, धक्क्याच्या खांबांना जे पांढरे खरखरीत कवचवाले जीव चिकटतात, ते बार्नॅकल. त्यांचीच एक जात नुसत्या तरंगत्या वस्तूंवर वाढते. रबरासारखा देठ आणि देठाच्या टोकाला नखासारखं पांढरं कवच. एकदा पिल्लू चिकटलं की ते तिथून हलत नाही, आणि भराभर वाढतं. मी वर्षभर समुद्रात दोऱ्या सोडून ठेवल्या होत्या. दर आठवड्याला बोटीने जायचं, उलट्या करायच्या, दोऱ्या वर ओढायच्या आणि बार्नॅकल मोजायचे. त्यामुळे आता मला कुठल्याही तरंगत्या वस्तूवरचा सगळ्यात मोठा बार्नॅकल दाखवा, ती वस्तू किती आठवडे पाण्यात होती ते मी सांगते. जगात या विद्येचा फार उपयोग नाही. आई तर दर सुट्टीला विचारायची, "दोऱ्या भिजवायला पाठवलंय होय तुला? शिकता तरी काय तुम्ही तिथे?"

आई कपडे दुरुस्त करून देते. उंची कमी करणं, कंबर सैल करणं, चेन बदलणं. आमच्या घराची पुढची खोली म्हणजे तिचं दुकान: एक शिलाई मशीन, गिऱ्हाइकासाठी एक खुर्ची, आणि छताच्या दांडीला टांगलेले लोकांचे कपडे. बाबा मी शाळेत असतानाच गेले. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मासेमारीच्या ट्रॉलरवर कामाला. अंगाने हा एवढा आडवा, खाण्यात पुढे, आणि फेकाफेकीत तर त्याचा हात कोणी धरू नये. एकदा त्याने आईला सांगितलं की बोटीवर रोज पहाटे व्यायाम करून घेतात, आणि तिने ते शेजारी-पाजारी अभिमानाने सांगितलं होतं.

बोटीवरची लाइफ जाकिटं फाटकी होती, आतला स्पंज बाहेर आलेला. मी समुद्राबद्दल चार पुस्तकं वाचलेली, त्यामुळे मला चैन पडेना. मी दादाच्या मागे भुणभुण लावून त्याला स्वतःचं जाकीट घ्यायला लावलं. घरी आणून घातलं तर पोटावर बक्कल लागेचना. मी हसून हसून लोळले. आईने मात्र लगेच जुन्या बॅगेचा काळा पट्टा कापला आणि जाकिटाच्या पट्ट्याला जोड दिला. मशीनवर तेव्हा कोणाच्या तरी परकराचा हिरवा दोरा होता, तो बदलायचे कष्टही तिने घेतले नाहीत. काळ्या पट्ट्यावर हिरवी शिवण. दादाने पट्टा दोन्ही हातांनी जोर लावून ओढून बघितला.

"टिकेल का गं हे?"

"मी शिवलंय ते," आई म्हणाली. "मेलास तरी सुटणार नाही, मेल्या."

"बघ हं. सुटलं तर तक्रार घेऊन येईन."

पुढच्याच खेपेच्या आधी त्या दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. आईला वाटत होतं त्याने बोट सोडावी आणि जमिनीवरचं काही काम बघावं. तो म्हणाला, तुला काय कळतंय. ती म्हणाली, तर मग जा, परत तोंड दाखवू नकोस. आया असं बोलतात, आणि मुलंही त्याचं काही मनावर घेत नाहीत. पण तो तिच्याशी न बोलता गेला आणि बोट परत आली ती त्याच्याशिवाय.

कप्तान स्वतः घरी आला होता. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला, आईने दिलेलं पाणी प्यायला आणि म्हणाला की लांबच्या एका बंदरात बर्फ आणि डिझेल घ्यायला थांबलो होतो, तिथे तो बॅग घेऊन उतरला, आलाच नाही. "आम्ही दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघितली, ताई. तरुण पोरं पळतात हो. तिकडे मोठ्या जहाजांवर बरं जमतं त्यांचं." त्याच्याबरोबर बोटीवरचे दोघे होते. ते आत आले नाहीत, दारातच उभे राहून टांगलेल्या कपड्यांकडे बघत होते.

"आणि त्याचं जाकीट?" आईने विचारलं.

"घेतलं असेल की बॅगेत."

आईचा लगेच विश्वास बसला. बसणारच. परत तोंड दाखवू नकोस हे तिचेच शब्द होते, आणि त्याने ते खरे केले होते. बंदर पोलिसांच्या चौकीत आम्ही जाऊन आलो, तिथे 'नोकरी सोडून परस्पर निघून गेला' असं लिहून घेतलं, आणि त्या दिवसापासून आईने त्याचं नाव टाकलं. घरात त्याला 'पळपुटा' म्हणायचं. कपडे घ्यायला येणाऱ्या बायकांना ती आपणहून सांगायची, "माझा पळपुटा मोठ्या जहाजावर मजा मारतोय, आई मेली की जगली काही घेणं नाही." त्या रागाने तिला बरंच सावरलं होतं. मलाही राग होताच. मी त्याला अधूनमधून मेसेज करायचे: निदान आईला एक फोन कर, नालायका. मेसेजपुढे एकच टिक यायची. नंबर बदलला असणार असं मी धरून चालले होते.

हे सगळं मी यासाठी सांगतेय की पुढे जे झालं ते ऐकल्यावर लोक विचारतात, "तुझ्या डोक्यात एकदाही आलं नाही?" नाही आलं. दादा बुडाला असं आमच्या घरात कोणाच्या मनातच नव्हतं. तो पळाला होता.

वादळी वारं होऊन गेलं की आमचा वर्ग पोती घेऊन किनाऱ्यावर जातो. तिथे एका वळणावर समुद्र सगळा कचरा आणून टाकतो, म्हणून तर विभागाने ती जागा धरली आहे. त्या दिवशी खेकडा पुढे होता. खेकडा म्हणजे माझा वर्गमित्र. चालताना तिरका चालतो आणि बोलतो त्याहून तिरका, म्हणून ते नाव. लांबून त्याची आरोळी आली, "लॉटरी लागली गं तुला!" आणि तो एक लाइफ जाकीट कॉलरला धरून वाळूतून ओढत आणू लागला.

खरंच लॉटरी होती. कापड दिसतच नव्हतं. पाठीवर, खांद्यांवर, पट्ट्यांवर बार्नॅकलचे झुपकेच्या झुपके लोंबत होते, काही अजून जिवंत, कवचं उघडून हवेत आपले केस हलवणारे. वास नाकातले केस जळतील असा. मॅडम म्हणाल्या, "हे तुझं. नीट कर, पेपर होईल यातून." मी ते दोन्ही हातांनी उचललं. आपल्याला एवढं मोठं काही मिळालंय या आनंदात मी परतीच्या बसमध्ये ते पोतं मांडीवर घेऊन बसले होते. खेकडा नाकाला रुमाल लावून म्हणाला, "जरा लांब बस, तुझ्या बाळाला घेऊन."

जाकीट ट्रेमध्ये बसेना. पुढचं बक्कल लावलेलं होतं आणि त्याच्या फटींमध्ये बार्नॅकल वाढून ते असं काही घट्ट झालं होतं की उघडेना. मी मोठी कात्री घेतली आणि पट्टा कापला. जाकीट पुस्तकासारखं उघडलं, आत आणि बाहेर दोन्ही बाजू समोर आल्या. मग मी रोज थोडं थोडं खरवडायला घेतलं. प्रत्येक भागाचा जवळून फोटो, शेजारी पट्टी ठेवून. मग सुरी, मग मोजणी, मग बाटली. बक्कल खरवडताना एका क्षणी ते खटकन उघडलं. मी बोटाने त्यातली घाण काढली आणि पुढे गेले. एक झुपका फार सुंदर होता, कापलेल्या पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला, जिथे कापड खडबडीत होतं तिथे दाटीने आलेला. तो मी शेवटी काढायचा म्हणून ठेवून दिला. सादरीकरणात दाखवायला बरा होता.

तीन आठवडे मी त्या जाकिटावर वाकून बसले होते. कधी कधी जेवणाचा डबाही शेजारीच उघडायचे.

सादरीकरणाच्या दिवशी मी अगदी जोरात होते. आधी वय सांगितलं: सगळ्यात मोठ्या बार्नॅकलवरून जाकीट सुमारे बारा आठवडे पाण्यात होतं, आठवडाभर इकडे तिकडे. मग खरी गंमत पुढे ठेवली. बाहेरच्या बाजूला सगळ्या वयाचे बार्नॅकल होते, पहिल्या दिवसांपासूनचे मोठेसुद्धा. पण आतल्या बाजूला, जिथे पाठ आणि छाती येते तिथे, एकही मोठा नव्हता. होते ते सगळे मसुराएवढे आणि सगळे एकाच वयाचे.

"म्हणजे," मी म्हणाले, "सुरुवातीचे कित्येक आठवडे आतल्या कापडाला पिल्लं चिकटूच शकली नाहीत. तिथे काहीतरी दाबून बसलेलं होतं. नंतर कधीतरी ते निघून गेलं आणि जागा मोकळी झाली. जाकीट सापडलं तेव्हा बक्कल लावलेलं होतं." मी जरा थांबले. थांबायचं कुठे ते मी आदल्या दिवशी आरशासमोर ठरवलं होतं. "आत माणूस होता."

मग खेकड्याने हळूच शीळ घातली, कोणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्यांनीच वाजवल्या. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, दोन वर्षांत मला एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.

मॅडमनी टाळी वाजवली नाही. "हे तुला कधी कळलं?"

"गेल्या आठवड्यात."

"आणि आज सांगतेस?"

"आकडे पूर्ण व्हायचे होते, मॅडम."

मॅडम उठल्या. मग म्हणाल्या, "कोणाच्या तरी घरचा माणूस आहे तो. आहे त्या स्थितीत पिशवीत भर. आत्ता पोलिसांकडे जाईल ते." मी म्हटलं, "एकच झुपका राहिलाय, तेवढा काढून देते." त्यांनी नको म्हटलंही असेल. मी तोपर्यंत प्रयोगशाळेत पोचले होते.

झुपका मुळाशी सुरी घालून एका दमात निघाला. खाली काळा पट्टा होता. जाकिटाचा मूळ पट्टा राखाडी, आणि त्याला जोडलेला हा काळा, वेगळ्या विणीचा, बॅगेचा. जोडावर चौकोनी शिवण, मधे फुली, शेवटी टाके मागेपुढे तीनदा फिरवलेले. दोरा हिरवा.

पुढे मी काय केलं ते सांगायला लाज वाटते असं नाही, पण कोणाला पटत नाही. मी तो झुपका मोजला. पट्टी लावून एकेक बार्नॅकल मोजला, बाटलीत घातला, वर चिठ्ठी लावली. अक्षर नेहमीसारखंच आलं. मग हात धुतले. मग परत त्या दोऱ्यावर बोट फिरवलं. एकही टाका सुटला नव्हता. मग मी ट्रेच्या टेबलाखाली जाऊन बसले. खेकडा मला शोधत आला तेव्हा मी त्याला म्हणाले, "हे जाकीट माझ्या दादाचं आहे." तो हसायला लागला, मग त्याने माझं तोंड बघितलं आणि मॅडमना बोलवायला पळाला. सरळ पळाला, तेवढं मला आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी घरी पोचले. आई मशीनवर होती.

"आज कशी काय उगवलीस? रोज उठून सुट्ट्या. शिकता काय तुम्ही तिथे?"

"आई, जाकीट सापडलंय."

"कोणाचं?"

"दादाचं."

तिने पायांची गती कमी केली नाही. "फेकलं असेल त्या पळपुट्याने. आता काय, साहेब झालाय. नवं घेतलं असेल."

"बक्कल लावलेलं होतं, आई."

मशीन थांबलं. आई सुईखालच्या कापडाकडे बघत होती, कोणाची तरी पँट होती. मी सगळं सांगितलं. बारा आठवडे, बाहेरचे मोठे, आतले लहान. वर्गात जसं सांगितलं होतं तसंच माझ्या तोंडून निघत होतं, दुसरे शब्दच माझ्याकडे नव्हते. शेवटचं वाक्य तेवढं मी म्हणाले नाही.

"हिरवा दोरा काय जगात मी एकटीच वापरते?" आई म्हणाली. "चोरलं असेल त्याचं कोणी. विकलं असेल त्याने. मी डोळ्यांनी बघितल्याशिवाय मानणार नाही." आणि तिने परत मशीन सुरू केलं. दहा-बारा टाके झाल्यावर लक्षात आलं की दोरा केव्हाच तुटला होता.

दुपारी बंदर पोलिसांच्या चौकीत गेलो तर मॅडम आमच्या आधीच येऊन बसल्या होत्या. अधिकारी साधा माणूस होता, उर्मट नव्हता. त्याने जाकीट टेबलावर ठेवलं. खरवडून, धुऊन निघालेलं, नारिंगी, जवळजवळ नव्यासारखं. आईने चष्मा लावला. पट्टा हातात घेतला, उलटा केला, नखाने शिवणीची कड चाचपली. गिऱ्हाइकाने परत आणलेला कपडा ती असाच बघते, आपली चूक आहे का ते आधी शोधते.

"माझीच," ती म्हणाली.

अधिकाऱ्याने लिहून घेतलं. मग तिने पट्ट्याचं दुसरं टोक धरलं. "हा कापलाय. कोणी कापला?"

"मी," मी म्हणाले. "बक्कल उघडत नव्हतं."

तिने मान हलवली, जणू एवढंच विचारायचं होतं.

अधिकारी माझ्याकडे वळला. "बक्कल लावलेलं होतं याचा फोटो?"

मी लॅपटॉप उघडला. दोनशे बावीस फोटो होते. प्रत्येकात पट्टी, प्रत्येकात बार्नॅकल, कवचावरच्या रेषासुद्धा दिसतील इतके जवळून घेतलेले. जाकीट एकाही फोटोत नव्हतं. म्हणजे होतं, मागे, नारिंगी धुक्यासारखं. बक्कलाचा फोटो होता. त्यातही मी बक्कलावरचे तीन बार्नॅकल घेतले होते, बक्कल फोटोच्या बाहेर गेलं होतं.

"आतल्या बाजूचं हे जे लहान-मोठं म्हणताय, ते आता जाकिटावर आहे का?"

"नाही. बाटल्यांमध्ये आहे."

मॅडम म्हणाल्या, "तिचं काम अचूक आहे. मी लिहून देते. वर्गातल्या मुलांनी बंद बक्कल बघितलंय, तेही सांगतील."

"द्या की," तो म्हणाला. "मी लावतो सोबत. पण कप्तानाशी बोललो मी काल. त्याचं म्हणणं, जाकीट डेकवर पडलेलं होतं, वाऱ्याने गेलं. आणि तुमच्याच हिशोबाने आठवडाभर इकडे तिकडे. त्या आठवड्यात बोट त्या बंदराच्या आसपासच होती. उतरला की पडला, हे यावरून कसं ठरवू मी?"

"मला म्हणाला होता बॅगेत घेऊन गेला," आई म्हणाली.

"कोणासमोर?"

"माझ्यासमोर. त्याचे दोघे दारात होते."

त्याने तेही लिहून घेतलं. ते दोघे आता दुसऱ्या बोटीवर गेले आहेत, परत आले की बोलावतो, म्हणाला. तरी आई उठली नाही. तिने टेबलावर बोट ठेवलं. "आधीच्या कागदावर लिहिलंय ना तुम्ही, परस्पर निघून गेला म्हणून? ते खोडा."

"असं मधेच खोडता येत नाही, बाई. चौकशी व्हावी लागते."

"तो पळाला नव्हता. मी सगळ्या गल्लीला सांगितलंय पळाला म्हणून. ते मी बघून घेईन. तुमचं तुम्ही खोडा."

मॅडमनी आईच्या खांद्यावर हात ठेवला. जाकीट पिशवीत गेलं, पिशवीला लाखेचं सील लागलं, आणि आम्ही बाहेर आलो.

घरी चालतच आलो. आई फुटपाथच्या आतल्या बाजूने, भिंतीला धरून चालत होती. वाटेत दुरुस्तीला कपडे टाकणारी एक बाई भेटली, तिने विचारलं, पँट झाली का. आई म्हणाली, "माझा मुलगा वारलाय, उद्या देते." त्या बाईला काही कळेना. पळपुटा तर मोठ्या जहाजावर होता. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि आई पुढे निघून गेली.

कोपऱ्यावर वळल्यावर आईने विचारलं, "लगेच गेला असेल ना गं? पडल्या पडल्या?"

हो म्हणायला काय जात होतं माझं? पण मी ती विद्या शिकलेली, तोंडातून तेच आलं. "बार्नॅकलवरून ते नाही कळत, आई."

"मग शिकता काय तुम्ही तिथे?"

आजवर हे वाक्य तिने शंभरदा म्हटलं असेल, प्रत्येक वेळी चिडवायला. या वेळी ती थांबून उत्तराची वाट बघत होती. माझ्याकडे जे उत्तर होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. पाणी तेव्हा फार थंड नव्हतं, ते तपमान माझ्याकडे रोजचं होतं. चांगलं जाकीट, लावलेलं बक्कल, धडधाकट जाड माणूस. तो लगेच गेला नसणार. डोकं पाण्यावर ठेवून तो बराच वेळ तरंगत राहिला असणार, आणि सुरुवातीला त्याला बोट दिसतही असणार.

घरी आल्यावर ती मशीनवर बसली नाही. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली, कप्तान बसला होता तिथेच. चपलाही पायात तशाच होत्या.

"तो पट्टा शिवला तेव्हा मी काय म्हणाले होते त्याला, आठवतं का तुला?"

"नाही."

"तू इथेच होतीस की. लोळून हसत होतीस."

"नाही आठवत, आई. दोरा हिरवा होता, एवढंच."

तिने माझ्याकडे बघितलं. "तुला खोटं बोलायला कधी जमलंच नाही," ती म्हणाली. "त्याला जमायचं. तो हो म्हणाला असता मघाशी. लगेच गेला म्हणाला असता."

मला रडू फुटलं. ती रडली नाही. हात मांडीवर ठेवून बसली होती आणि उजव्या हाताचं नख डाव्या बोटावरून फिरवत होती, शिवण चाचपावी तसं. वर टांगलेल्या कपड्यांच्या मधून खोलीत उजेड येईनासा झाला होता.

"एक विचारू?" ती म्हणाली. "माझी शिवण उसवली असती तर लवकर सुटला असता ना गं तो?"

याचं उत्तर मला येत होतं.

"दिवा लावते," मी म्हणाले, "अंधार झालाय."

"लाव," आई म्हणाली.